पाच टक्के आम्लाची बाटली

ॲपल सायडर व्हिनेगरच्या बाटलीत साधारण ९४ टक्के पाणी असतं आणि ५ टक्के ॲसिटिक आम्ल. उरलेल्या एखाद्या टक्क्यात सफरचंदाच्या नावावर खपवता येईल असं सगळं येतं: किंचित साखर, थोडं पोटॅशियम, रंग आणि वास. या बाटलीचे जे गुण सांगितले जातात त्यांतले जेवढे खरे आहेत, ते जवळजवळ सगळे त्या ५ टक्क्यांचे. नुकसान होतं तेही त्याच ५ टक्क्यांमुळे. म्हणून 'सफरचंद' हा शब्द जरा बाजूला ठेवावा आणि 'आम्ल' हा शब्द डोक्यात ठेवावा. मग बाटली कुठे ओतायची आणि कुठे नाही, हे बहुतेक वेळा आपलं आपल्यालाच कळतं.

शिरका, म्हणजे व्हिनेगर, आपल्याकडे नवा नाही. ठाण्या-वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत मटणात आणि लोणच्यात तो पिढ्यान्‌पिढ्या पडतो आहे. हॉटेलात तंदुरीबरोबर येणारे गुलाबी कांदेही त्यातलेच. नवं आहे ते सकाळी उठून उपाशीपोटी तो घोटाघोटानं पिणं.

आधी तो बनतो कसा ते पाहू, कारण पुढची निम्मी उत्तरं तिथेच आहेत. सफरचंदाच्या रसात १० ते १२ टक्के साखर असते. पहिल्या टप्प्यात यीस्ट ही साखर खाऊन अल्कोहोल बनवतं. या कामाला हवा लागत नाही. दुसऱ्या टप्प्यात ॲसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात, आणि त्यांना हवेतला ऑक्सिजन लागतोच लागतो. हे काम सजीव करतात, हे लुई पाश्चरनं १८६० च्या दशकात दाखवून दिलं. बाटलीच्या तळाशी जो गढूळ, जाळीदार गोळा दिसतो त्याला 'मदर' म्हणतात. जिवाणूंनी विणलेलं सेल्युलोजचं जाळं आणि त्यात अडकलेले ते स्वतः, एवढंच ते असतं. खाल्लं तर अपाय नाही, पण त्यानं तब्येतीला वेगळा काही फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. व्हिनेगर गाळलेलं नाही, एवढी माहिती त्यातून मिळते. आणि घरी व्हिनेगर लावायचं असेल तर विरजण म्हणून ते कामाला येतं.

दुकानात बाटली उलटून मागचं लेबल वाचायला अर्धं मिनिट लागतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल असावं लागतं. चांगल्या बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असतं. आंबवून न करता ॲसिटिक आम्लात पाणी मिसळून केलेल्या व्हिनेगरवर 'सिंथेटिक' हा शब्द छापणं बंधनकारक आहे. किराणा दुकानात चायनीजसाठी मिळणारी पांढरी स्वस्त बाटली बहुधा हीच असते. ती वाईट नव्हे. उलट घर साफ करायला तीच घ्यावी. सायडर व्हिनेगर तिच्या कितीतरी पट महाग, त्यात रंग आणि साखरेचा अंश. त्यानं नळ पुसणं म्हणजे साजूक तुपानं दाराच्या बिजागऱ्यांना तेलपाणी करणं.

नळ, किटली आणि कडप्पा

ठाणे आणि नवी मुंबईला पालिकेकडून येणारं पाणी मुख्यतः धरणांचं. भातसा काय किंवा मोरबे काय, पावसाचं साठवलेलं पाणी मऊच असतं. नळावर पांढरे डाग, शॉवरची निम्मी भोकं बंद आणि किटलीच्या तळाशी खडूसारखा थर, ही लक्षणं जिथे टँकर किंवा बोअरवेल चालू आहे तिथली. घोडबंदर रोडच्या संकुलांत उन्हाळ्यात हे नेहमीचं. बोअरच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियमचे क्षार पाणी तापलं किंवा वाळलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन चिकटून बसतात. आम्ल त्यांना विरघळवतं आणि बुडबुडे येतात. बुडबुडे आले तर समजावं, डाग क्षाराचा आहे. आले नाहीत तर तो साबणाचा किंवा तेलकट आहे, आणि तिथे भांड्यांचा साबण जास्त उपयोगी.

विजेच्या किटलीत अर्धं पाणी, अर्धं पांढरं व्हिनेगर घालून थर बुडेल इतकं भरा. उकळी आणून किटली बंद करा आणि अर्धा तास तसंच ठेवा. ओतून टाका, मऊ घासणीनं पुसा आणि नुसतं पाणी दोनदा उकळून फेका, नाहीतर पुढचे चार चहा लोणच्याचे लागतील. नळाला व्हिनेगरात भिजवलेलं फडकं गुंडाळून वीस मिनिटं ठेवलं की पुरतं. रात्रभर ठेवू नये, क्रोमचा मुलामा जातो. शॉवर काढून तासभर बुडवा, मग सुईनं भोकं मोकळी करा. गीझरमध्ये आणि आरओ यंत्रात मात्र काही ओतायचं नाही. गीझरच्या कॉइलवरचा थर मेकॅनिकनं टाकी उघडूनच काढायचा असतो.

आता सगळ्यात जास्त नुकसान होतं ती जागा. जुन्या इमारतींत ओट्यावर आणि ओट्याखालच्या फळ्यांना कडप्पा असतो, पॅसेजमध्ये कोटा, देवघरापाशी संगमरवर, आणि खोल्यांत मोझेकच्या लाद्या. कडप्पा आणि कोटा हे दोन्ही चुनखडक. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, आणि मोझेकमध्ये संगमरवराचीच खडी असते. किटलीतला थर ज्या रसायनानं निघतो, त्याच रसायनानं या दगडांची चकाकीही निघते. काळ्या कडप्प्यावर राखाडी डाग पडतो आणि तो पुसून जात नाही, कारण तो डाग नसतोच, तिथला दगड खाल्ला गेलेला असतो. लिंबू कापून ओट्यावर तसंच ठेवलं तरी हेच होतं. ग्रॅनाइट आम्लाला बऱ्यापैकी दाद देत नाही. आपला ओटा कडप्पा की काळा ग्रॅनाइट, हे कळत नसेल तर ओट्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर एक थेंब टाका. पाच मिनिटांनी पुसल्यावर जागा निस्तेज दिसली तर तो कडप्पा. टाइल्सच्या मधला सिमेंटचा ग्राउटसुद्धा आम्लानं हळूहळू झिजतो. व्हिट्रिफाइड टाइलला स्वतःला काही होत नाही.

सिंक तुंबलं की खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा सल्ला हमखास मिळतो. फेस छान येतो. पण आम्ल आणि सोडा एकमेकांना मारून टाकतात, आणि मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ५ टक्क्यांचं १०० मिली व्हिनेगर संपवायला ७ ग्रॅम सोडा पुरतो. सिंकमध्ये अडकलेलं असतं ते तूप-तेल आणि भाताची शितं. त्याला गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि रबरी पंप लागतो. सोडा घासायला वेगळा वापरा, व्हिनेगर क्षार काढायला वेगळं.

आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो. संडास-बाथरूम चार बाय सहाची आणि झरोका बंद असेल तर काही मिनिटांत छाती भरून येते, डोळ्यांतून पाणी येतं. असं चुकून झालंच तर भांडं उचलून न्यायचा प्रयत्न करू नका. दार उघडं टाका आणि बाहेर पडा.

तांब्या-पितळेची भांडी व्हिनेगर आणि मिठानं लखलखतात. चिंचेनं जे होतं तेच, आणि पितांबरी तर ठाण्याचीच, तेव्हा इथे कोणाला शिकवायला नको. फक्त चोळल्यावर लगेच भरपूर पाण्यानं धुऊन कोरडं पुसायचं, नाहीतर दोन दिवसांत हिरवं चढतं. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात व्हिनेगर ठेवायचं नाही की शिजवायचं नाही, तांबं उतरतं. ॲल्युमिनियम आणि बिडाच्या भांड्यांनाही हेच लागू. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडला असेल तर त्यात डागापर्यंत पाणी आणि लिटरला दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून दहा मिनिटं उकळलेलं चालतं, पण तसंच रात्रभर ठेवलं तर बारीक खड्डे पडतात.

वॉशिंग मशीनमध्ये दर धुण्याला व्हिनेगर घातलं तर रबराची गॅस्केट लवकर कडक होते. पावसाळ्यात टॉवेलना कुबट वास येतो तेव्हा महिन्यातून एकदा शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यात अर्धी वाटी, इतपत ठीक. भिंतीवरच्या बुरशीला मात्र व्हिनेगर हे उत्तर नाही. डिस्टेंपरमध्ये आणि गिलाव्यात चुनखडी असते, तिथे आम्ल स्वतःच खर्च होतं, आणि बाहेरून ओल येत असेपर्यंत बुरशी परत येतेच. आधी गळती.

सायडर व्हिनेगरच वापरावं असं घरकाम एकच आहे, चिलटांचा सापळा. वाटीत दोन चमचे सायडर व्हिनेगर, तितकंच पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. कुजत्या फळाचा वास पांढऱ्या व्हिनेगरला नसतो, याला असतो, म्हणून चिलटं येतात. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि वर बसलेलं चिलट बुडतं. साबण विसरलात तर ती पिऊन उडून जातात.

पोटात गेल्यावर

इथे सगळ्यात जास्त बोललं जातं आणि सगळ्यात कमी मोजलं जातं. २००४ साली अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅरल जॉन्स्टन यांच्या गटानं एक प्रयोग छापला. २० ग्रॅम सायडर व्हिनेगर पाण्यात घालून दिलं आणि मग पावाचं, फळांच्या रसाचं जेवण. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन नीट चालत नव्हतं त्यांची जेवणानंतरची साखर त्या मानानं कमी चढली. नंतरच्या प्रयोगांतही दिशा साधारण तीच दिसली, परिणाम मात्र छोटा. कारण असं दिसतं की आम्लामुळे जठर हळू रिकामं होतं आणि पिष्टाची साखर रक्तात सावकाश येते.

याचा अर्थ नीट पाहिला की 'उपाशीपोटी' हा शब्द गळून पडतो. पोटात पिष्टच नसेल तर सावकाश व्हायचं कशानं? घ्यायचंच असेल तर भात, पोळी किंवा पोहे यांच्याबरोबर. प्रमाण एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, एका पूर्ण पेल्यात, साधारण २०० ते २५० मिली पाण्यात. दिवसाला दोन चमच्यांच्या वर जायचं नाही. सुरुवात एका लहान चमच्यानं करावी. नुसतं, पाण्याशिवाय कधीच नाही, अन्ननलिका भाजते. सगळ्यात सोपा मार्ग तर जेवणातच आहे. पाव किलो छोटे कांदे सोलून बरणीत घाला. एक वाटी पाणी, अर्धी वाटी व्हिनेगर, एक छोटा चमचा मीठ, तेवढीच साखर आणि बिटाचा एक काप घालून झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात, आठवडाभर टिकतात. आम्लही पोटात जातं, कांदाही. काकडीच्या कोशिंबिरीत लिंबाऐवजी एक चमचा घातला तरी बिघडत नाही.

लिंबू, चिंच, कोकम आंबटच असतात, मग त्यांनी हेच होईल का? त्यांची आम्लं वेगळी: लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टरिक, कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक. व्हिनेगरवर झालेल्या प्रयोगाचे आकडे सोलकढीला चिकटवता येत नाहीत.

वजनाचं सांगायचं तर २००९ साली जपानमध्ये झालेला प्रयोग बराच नीट होता. लठ्ठ माणसांना १२ आठवडे रोज १५ किंवा ३० मिली व्हिनेगर दिलं. वजन एक ते दोन किलोनं उतरलं, आणि थांबल्यावर परत चढलं. तीन महिन्यांत दीड किलो हे चालणं वाढवून किंवा रात्रीचा एक घास कमी करूनही होतं. २०२४ मध्ये लेबनॉनमधला एक अभ्यास आला, त्यात सहा-आठ किलो घटल्याचा दावा होता, आणि तो मोबाइलवर खूप फिरला. आकड्यांत आणि विश्लेषणात दोष सापडल्यानं २०२५ मध्ये तो नियतकालिकानं मागे घेतला. फॉरवर्ड मात्र अजून फिरतात.

काही जणांनी यापासून लांबच राहावं. मधुमेहामुळे ज्यांचं जठर आधीच मंदावलेलं आहे, त्यांना ते आणखी मंद होणं परवडत नाही. २००७ मध्ये टाइप १ मधुमेहींवर स्वीडनमध्ये हे तपासलं गेलं आणि तसंच दिसलं. जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेतात, त्यांची साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पोटॅशियम कमी होण्याचा धोका आहे, आणि डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर कमी झालेलं पोटॅशियम जास्त घातक ठरतं. हा धोका किती दूर जाऊ शकतो याचं एक टोकाचं उदाहरण १९९८ मध्ये ऑस्ट्रियातून नोंदलं गेलं. २८ वर्षांची बाई सहा वर्षं रोज २५० मिली सायडर व्हिनेगर पीत होती. पोटॅशियम घसरलं आणि हाडं ठिसूळ झाली. यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि 'नैसर्गिक आहे' म्हणून त्यांच्यापासून लपवू नका. गोळी बंद करून त्या जागी व्हिनेगर, असा प्रकार तर मुळीच नको.

पीएच हे आम्लाच्या तीव्रतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र. दातांचं इनॅमल साधारण ५.५ च्या खालच्या पीएचमध्ये विरघळू लागतं. व्हिनेगरचा पीएच तीनच्या आसपास. म्हणून घोट तोंडात घोळवत बसायचं नाही. स्ट्रॉनं प्यायचं, नंतर साध्या पाण्यानं चूळ भरायची आणि अर्धा तास ब्रश करायचा नाही, कारण मऊ झालेलं इनॅमल ब्रशनं खरवडलं जातं. पहाटे व्हिनेगर आणि लगेच दात घासणं, हा क्रम दातांसाठी सगळ्यात वाईट.

छातीत जळजळ होते तिथे व्हिनेगरनं बरं वाटतं, याला भक्कम पुरावा नाही. जठरातलं आम्ल व्हिनेगरपेक्षा बरंच तीव्र असतं, त्यात चमचाभरानं फरक पडत नाही. वर येणाऱ्या आम्लानं घशाला मात्र आणखी चटका बसतो. कातडीवरही तेच. इसबावर २०१९ मध्ये अमेरिकेत अगदी पातळ, अर्ध्या टक्क्याच्या द्रावणात हात भिजवून पाहिले. कातडी सुधारली नाही आणि बऱ्याच जणांना आग-खाज झाली. तीळ, चामखीळ किंवा पुटकुळीवर कापसानं व्हिनेगर बांधून ठेवणं म्हणजे रासायनिक भाजणं. केसांना मात्र एक सभ्य उपयोग आहे. टँकरच्या जड पाण्यात साबणानं केस धुतले की कॅल्शियमचा चिकट साका राहतो. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून शेवटचं ओतलं, मिनिटभर ठेवलं आणि धुऊन टाकलं की तो निघतो. डोळे मिटलेले ठेवा. शाम्पू वापरत असाल तर फरक फारसा कळणार नाही, आणि कोंड्याला केटोकोनॅझोलसारखं औषध असलेला शाम्पूच लागतो.

सालीपासून घरचं

ऑगस्टपासून तुर्भ्याच्या एपीएमसी फळबाजारात सफरचंदाच्या पेट्या वाढतात आणि ठाण्याच्या हातगाड्यांवर दबलेली फळं स्वस्त होतात. नुसत्या साली आणि गाभे यांचंही व्हिनेगर होतं, पण त्यांत साखर कमी असते, ती वरून घालावी लागते. किती, हेच बहुतेक जण चुकवतात. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम साखर घातली तर सगळं नीट जुळून शेवटी ५ टक्क्यांच्या आसपास आम्ल येतं. पेल्याला एक चमचा या मापानं निम्मंच येतं.

तीन लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. अर्धा किलो साली-गाभे (सडका भाग काढून), एक लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि १०० ग्रॅम साखर. साली वर तरंगल्या की बुरशी धरतात, म्हणून वर काचेची वाटी ठेवून दाबा. झाकण सैल ठेवा आणि दिवसातून दोनदा ढवळा. आपल्या हवेत दुसऱ्या दिवशीच बुडबुडे सुरू होतात आणि आठ-दहा दिवसांत थांबतात. मग गाळा, बाजारच्या 'मदर'वाल्या बाटलीतलं १०० मिली घाला आणि तोंडावर सुती फडकं रबरानं घट्ट बांधा. विरळ फडकं असेल तर चिलटं आत जातात, आणि तिथे अंडी घालतात. बरणी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. २५ ते ३० अंश या जिवाणूंना मानवतं, तेव्हा मे महिन्यात गॅसशेजारी किंवा फ्रिजच्या डोक्यावर नको. वर धरणारी साय म्हणजे नवं 'मदर'च, ती हलवू नका. ती बुडली की काम मंदावतं. तीन ते पाच आठवडे लागतात.

नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर हवा कमी पडते आहे. बरणी बदला, पृष्ठभाग रुंद करा. पांढरी, सुरकुतलेली साय आली तर ती रानटी यीस्टची, काढून टाकली की चालतं. हिरवी-काळी, केसाळ बुरशी असेल तर सगळं फेका, वरचं काढून खालचं वापरू नका. आणि झाल्यावरही तसंच उघडं ठेवलं तर अल्कोहोल संपल्यावर हेच जिवाणू स्वतः बनवलेलं आम्ल खाऊ लागतात. म्हणून चव पक्की आंबट झाली की बाटल्या काठोकाठ भरून घट्ट बंद करा. पत्र्याचं झाकण गंजतं, प्लॅस्टिकचं घ्या.

जोर किती आला, ते जिभेला कळत नाही आणि पीएचच्या कागदालाही कळत नाही. तो तीव्रता सांगतो, प्रमाण नाही. पण जास्वंद सांगते. चार लाल पाकळ्या गरम पाण्यात कुस्करून रंग काढा. हा रंग आम्लात गुलाबी राहतो, अल्कलीत हिरवा होतो. १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. एका पेल्यात बाजारचं ५ टक्के पांढरं व्हिनेगर १० मिली, दुसऱ्यात घरचं १० मिली. दोन्हींत जास्वंदीचे दहा-दहा थेंब. बिनसुईच्या सिरिंजनं सोड्याचं पाणी थोडं थोडं घाला, फेस बसू द्या, हलवा आणि गुलाबीपणा जाऊन हिरवट झाक टिकेपर्यंत मोजा. बाजारच्याला १४ मिलीच्या आसपास लागतात. घरच्याला सात लागले तर ते अडीच टक्क्यांचं. ते कांद्याला, कोशिंबिरीला उत्तम. पण वर्षभर टिकवायच्या लोणच्याच्या कृतीत ५ टक्के गृहीत धरलेले असतात, आणि फोडींसकट पीएच ४.६ च्या वर गेला तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंना वाव मिळतो. तिथे बाजारचीच बाटली घ्या.